सिस्टरच्या गाडीची मिसिंग

अंकुश भोयरचं गॅरेज शहराच्या कडेला वाडी भागात, गोदामांच्या रांगेत अगदी शेवटी. कळमेश्वरकडच्या खेड्यातून तो विशीच्या आतच इथे आला, तेव्हा ट्रकांना ग्रीस लावायचं काम करायचा. ट्रकांच्या खालून कारच्या बॉनेटपर्यंत यायला त्याला बरीच वर्षं लागली, पण एकदा आल्यावर त्याचं नाव झालं ते त्याच्या कानामुळे. गाडी फाटकातून आत वळली की हातातला पाना न ठेवताच तो सांगायचा, डावीकडचं बेअरिंग वाजतंय, किंवा पट्टा सैल झालाय. बहुतेक वेळा ते खरं निघायचं. गिऱ्हाईक बोलायला लागलं की तो हात वर करायचा, "थांबा जी, मले ऐकू द्या," आणि बॉनेटवर वाकायचा. गिऱ्हाइकाचं बोलणं मग अर्ध्यातच राहायचं. त्याचं कोणाला वाईट वाटत नसे, कारण गाडी नीट होऊन मिळायची.

रामटेके सिस्टर त्याच्याकडे किती वर्षांपासून येत होत्या ते त्यालाही आठवत नव्हतं. नाव अंजनाबाई, पण सरकारी दवाखान्यात जन्मभर नर्स होत्या म्हणून त्या राहत तो सगळा दाभा भाग त्यांना सिस्टरच म्हणे. सत्तरी ओलांडली होती. गाडी त्या पन्नाशीनंतर शिकल्या. नवरा वामनराव हयात होते तोवर ते शेजारी बसून रस्ता सांगायचे आणि सिस्टर चालवायच्या. ते गेल्यावर रस्ता सांगणारं कोणी उरलं नाही, पण सिस्टरनी गाडी सोडली नाही. फिक्या निळ्या रंगाची छोटी पेट्रोल गाडी, वीस वर्षांची झाली असेल, तरी आत बसलं की सीटवर एक सुरकुती दिसायची नाही.

दोन वर्षांपासून त्या गाडीला रोजचं काम लागलं होतं. सिस्टरच्या गल्लीतल्या मायाबाई ढोके, दवाखान्यात त्यांच्याच वॉर्डात असलेल्या जुन्या सोबती, लकव्याने डाव्या अंगाने लुळ्या झाल्या होत्या. त्यांना सकाळी लवकर धंतोलीला व्यायामाच्या उपचाराला न्यायचं आणि परत आणायचं, हे काम सिस्टरनी आपलं मानलं होतं. ऑटोत चढणं-उतरणं मायाबाईंना जमत नसे. सिस्टरच्या गाडीत त्यांना कसं बसवायचं, पाय कुठून आत घ्यायचा, हे दोघींचं ठरून गेलेलं होतं.

दिवाळी सरली, थंडी पडायला लागली आणि सिस्टर गॅरेजमध्ये आल्या.

"अंकुश, सकाळी पहिल्यांदा सेल्फ मारला का गाडी थरथरते गा. थंडी वाजून आलेल्या पेशंटसारखी. थोडा वेळ तशीच, मंग आपोआप शांत होते."

अंकुशने गाडी चालू केली. दाभ्याहून वाडीपर्यंत आलेलं इंजिन तापलेलं होतं, घड्याळासारखं चालत होतं. त्याने कान लावला, एक्सिलेटर दाबून पाहिला, स्कॅनर जोडला. स्कॅनरवर काही आलं नाही. त्याने प्लग साफ केले आणि सिस्टरना परत पाठवलं.

पुढच्या आठवड्यात त्या परत आल्या. या वेळी त्याने प्लगच्या वायरी बदलल्या. त्या तरीही आल्या.

"अन् पाणी बी कमी होऊन राहिलं," त्या म्हणाल्या. "मी भरते, काही दिवसांत पुन्हा खाली जाते. खाली जमिनीवर तर थेंब दिसत नाही."

"जुनी गाडी आहे, सिस्टर. थोडंफार उडतेच."

"सकाळी धुराचा वास बी वेगळा येते. गोडसर."

"पेट्रोलचा असन जी."

"एक कर. आज रातभर इथंच राहू दे. सकाळी थंडी गाडी चालू करून पाहून घे. माह्या घरी येऊन पाहिलं तरी चालते."

गॅरेजच्या अंगणात तेव्हा खरंच जागा नव्हती. "येतो जी घरी," अंकुश म्हणाला. पण तो गेला नाही. सकाळी उठून दाभ्याला जायचं, तेही धडधाकट गाडीसाठी, हे त्याला जिवावर आलं. त्याच्या कानाने निकाल देऊन टाकला होता. त्या दिवशी सिस्टर गेल्यावर तो समोरच्या टपरीवर चहाला गेला, तेव्हा टपरीवाल्या भैय्याजीने विचारलं, "काहून गा, बाई वारंवार येऊन राहिली?"

"गाडीत काही नाही," अंकुश हसून म्हणाला. "एकटी राहते. बोलायले कोणी पायजे म्हणून येत असन."

भैय्याजीही हसला. बाजूला उभे असलेले दोघं ड्रायव्हरही हसले.

जानेवारीत, कडक थंडीच्या एका सकाळी, सिस्टर मायाबाईंना घेऊन गल्लीतून मोठ्या रस्त्याला वळत होत्या आणि इंजिन वळणातच बंद पडलं. मागून येणारा दूधवाला मोटरसायकलसकट घसरत डिकीवर आदळला. त्याचं कोपर सोललं, दूध रस्त्यावर सांडलं, मायाबाई घाबरून रडायला लागल्या. सिस्टरनी आधी दूधवाल्याच्या कोपराला पट्टी बांधली, मग गाडी बाजूला घेतली. मोठं काही झालं नव्हतं. पण शेजाऱ्यांनी पुण्याला अपूर्वला फोन केला, आणि अपूर्वने अंकुशला.

अपूर्व हा सिस्टरचा एकुलता मुलगा. भला माणूस. आईची काळजी त्याला दिवसरात्र असे आणि लांब असल्यामुळे ती जरा जास्तच असे.

"अंकुशभाऊ, मला खरं सांगा," तो म्हणाला. "आई म्हणते गाडीत बिघाड आहे. तुम्ही इतक्या वेळा बघितली. आहे का काही?"

अंकुश तेव्हा एका टेम्पोखाली पडून होता. फोन कान आणि खांदा यांत धरलेला.

"गाडी ठणठणीत आहे, भाऊ. मी स्वतः चालवून पाहिली."

"मग बंद कशी पडली?"

अंकुशला इथे "मले माहीत नाही" असं म्हणता आलं असतं. नंतर हे वाक्य त्याने मनात कितीतरी वेळा म्हणून पाहिलं.

"आता सिस्टरचं बी वय झालं ना भाऊ," तो म्हणाला. "क्लच सोडताना गडबड होत असन. एकच गोष्ट सांगायले त्या चार वेळा येतात. इसरतात बी थोडं."

अपूर्व म्हणाला, "थँक्यू भाऊ. मला हेच वाटत होतं."

त्याच आठवड्यात तो पुण्याहून आला. सिस्टर सकाळी मायाबाईंना धंतोलीला नेऊन आल्या होत्या. दुपारी अपूर्वने आईकडून किल्ली घेतली आणि इंजिन अजून कोमट होतं तोच गाडी वाडीला आणून अंकुशच्या अंगणात लावली. "मला तर एकदम स्मूद वाटली," तो म्हणाला. "तुम्हीच गिऱ्हाईक बघून विकून टाका. आईला मी मेमरीच्या डॉक्टरला दाखवतोय. पुढच्या महिन्याची वेळ मिळालीय."

अंकुशने मान हलवली. टिनाच्या शेडखाली गाडी उभी राहिली.

काही दिवसांनी गांधीबागेत कापडाच्या दुकानात काम करणारा मोहित नावाचा मुलगा गाडी बघायला दुपारी येतो म्हणाला. त्या दिवशी सकाळी अंकुश जरा लवकर गॅरेजला आला, कारण शेजारच्या गोदामाचा ट्रक आत घ्यायचा होता आणि निळी गाडी आड येत होती. काचेवर दव होतं. त्याने दार उघडलं, बसला, सेल्फ मारला.

गाडी थरथरली. स्टिअरिंग हातात हलत होतं, डॅशबोर्डवरची छोटी बुद्धमूर्ती कापत होती. चारपैकी एक सिलिंडर गप्प होता आणि बाकीचे तीन त्याला ओढत होते. याला गॅरेजमध्ये मिसिंग म्हणतात, शिकाऊ पोरालाही ओळखू येते. मागून पांढरा धूर निघाला. अंकुशने काच खाली केली. वास गोडसर होता.

थोड्या वेळात इंजिन खोकत खोकत शांत झालं आणि मग नेहमीसारखं, घड्याळासारखं चालू लागलं. अंकुश मात्र तसाच बसून राहिला. ट्रकवाला हॉर्न देत होता. "थंडी वाजून आलेल्या पेशंटसारखी," असं त्या म्हणाल्या होत्या. धूर, वास, पाणी, सगळं त्या सांगून गेल्या होत्या, आणि आपण काय सांगितलं? बोलायले कोणी पायजे म्हणून येते. इसरतात.

त्याने गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं नाही, आणि ते आपण का करत नाही आहोत हे त्याला कळत होतं. दुपारी गिऱ्हाईक येणार होतं. गाडी गरम ठेवली तर ती उत्तमच चालणार होती. विकली की गेली. मग कोणालाच काही कळणार नव्हतं, सिस्टरलाही नाही. हा विचार त्याच्या मनात आला आणि चहा पिऊन होईपर्यंत राहिला, ही गोष्ट त्याने पुढे बायकोलासुद्धा सांगितली नाही.

दुपारी मोहित आला. गाडीभोवती फिरला, एक चक्कर मारून आला, खूश झाला. "मस्त आहे भाऊ, मख्खन. घेतो मी."

"नाही देता येत," अंकुश म्हणाला.

"काहून? तुम्हीच तर बोलावलं."

"गाडीत बिघाड आहे. मले आज समजलं."

मोहित वैतागून निघून गेला. जाताना म्हणाला, आधी समजत नाही का, मेकॅनिक आहात ना.

त्या दिवसापासून तो निळ्या गाडीच्या मागे लागला. गाडी रात्रभर थंड राहू द्यायची आणि सकाळी एकच गोष्ट तपासायची, असं त्याने ठरवलं. पहिल्या सकाळी सेल्फ मारण्याआधीच चारही प्लग काढून ओळीने मांडले. तिघांच्या टोकांवर नेहमीचा तपकिरी थर होता. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग मात्र ओला होता, वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ. त्याने बोट लावून वास घेतला. पेट्रोल नव्हतं.

संध्याकाळी त्याने रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावला, आत दाब भरला आणि तसाच सोडून घरी गेला. सकाळी आला तेव्हा पंपाचा काटा उतरलेला होता. गाडीखाली जमीन कोरडी होती. म्हणजे पाणी बाहेर कुठे जात नव्हतं, आतच जात होतं. त्याने प्लग काढलेले ठेवूनच सेल्फ फिरवला. तिसऱ्या भोकातून हिरवट पाण्याची पिचकारी उडाली आणि त्याच्या शर्टावर पडली.

इंजिनचं डोकं, म्हणजे हेड, आणि खालचा ठोकळा यांच्या मधोमध एक पातळ गॅस्केट असतं. ते तिसऱ्या सिलिंडरजवळ किंचित खाल्लं गेलं होतं. रात्रभर तिथून थंडाव्याचं पाणी सिलिंडरमध्ये झिरपायचं, सकाळी तो सिलिंडर पेट घ्यायचा नाही, आणि थोडं चालल्यावर पाणी जळून उडून गेलं, धातू तापून फुगला, की सगळं आपोआप बंद व्हायचं. गरम गाडीत ते कोणालाही सापडलं नसतं. पण ही गाडी थंड असताना बघ, असं सांगणारं माणूस त्याच्यासमोर उभं होतं.

त्याने हेड उतरवलं, लेथवाल्याकडून सपाट करून आणलं, नवं गॅस्केट आणि नवे बोल्ट टाकले. काम तो सावकाश करत होता. मेघाने, त्याच्या बायकोने, विचारलं, "एवढं काय आहे त्या गाडीत?" तर "नाजूक काम आहे," म्हणाला. खरं म्हणजे काम संपलं की दाभ्याला जावं लागणार होतं. मध्ये अपूर्वचा फोन आला, विकली का? "पाहून राहिलो, भाऊ," असं म्हणून त्याने फोन ठेवला. तेव्हाही त्याने खरं सांगितलं नाही.

शेवटी एके दिवशी, लागोपाठ कित्येक सकाळी गाडी पहिल्याच सेल्फला स्वच्छ उठल्यावर, तो ती घेऊन सिस्टरच्या दारात गेला.

दार शेजारच्या काजलने उघडलं. सिस्टर स्वयंपाकघरात ओट्याजवळ उभ्या होत्या. काजल गॅसचं बटण पाहून म्हणाली, "बंद आहे काकू, मी पाहिलं," आणि निघून गेली. अंकुशने पाहिलं, सिस्टरनी तरीसुद्धा बटण पुन्हा एकदा हाताने चाचपलं.

"ये गा अंकुश. बस. गाडी विकली का?"

"नाही जी." तो बसला नाही. "सिस्टर, गाडीत बिघाड होता. तुम्ही सांगितला तोच. हेडचं गॅस्केट गेलं होतं. पाणी आत जात होतं."

सिस्टर ओट्यापासून पुढे आल्या.

"सकाळी थरथरत होती?"

"हो जी."

"वास येत होता?"

"येत होता. गोडसर."

त्या हळूच खुर्चीवर बसल्या. रागावतील असं अंकुशला वाटलं होतं, त्यासाठी तो तयार होऊन आला होता. त्या रागावल्या नाहीत.

"मी तर मानून टाकलं होतं," त्या म्हणाल्या. "मले वाटे, आपल्यालेच भास होऊन राहिला. अपूर्व म्हणे, मेकॅनिक म्हणते गाडी ठीक आहे. तू म्हणून राहिला म्हणजे खरंच असन ना. मंग मी विचार केला, जे गाडीचं, ते बाकीचं बी असन. गॅस बंद केला का नाही, भरवसा वाटे ना. काजलले बोलावते." त्या थांबल्या. "मायाले इन्सुलिन मीच देत होती. बंद केलं मी. हात थरथरे. चुकून दोनदा दिलं तर? आता तिची सून देते. तिले नीट जमत नाही, मायाच्या पोटावर निळे डाग पडले."

अंकुशला वाटत होतं, आपण फक्त एका बाईची गाडी नेली. बाकीचं त्याला माहीतच नव्हतं.

"माफ करा सिस्टर. मी एकदा बी थंडी गाडी चालू करून पाहिली नव्हती. तुम्ही बोलावलं, मी आलो नाही. अन् अपूर्वभाऊले तसं सांगितलं."

"काय सांगितलं?"

त्याने जसंच्या तसं सांगितलं. क्लच, वय, इसरणं. टपरीवरचं हसणंही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती, पण एकदा तोंड उघडल्यावर त्याला राहवलं नाही.

सिस्टरनी बाहेर, फाटकाशी उभ्या निळ्या गाडीकडे पाहिलं.

"मले सांगून काय फायदा," त्या म्हणाल्या. "मले तर माहीतच होतं. अपूर्वले लाव फोन. इथंच लाव, माह्यासमोर."

अंकुशने फोन लावला, स्पीकर सुरू केला.

"बोला अंकुशभाऊ, गिऱ्हाईक मिळालं?"

"नाही भाऊ. गाडीत बिघाड होता. सिस्टर खरं सांगत होत्या. त्या दिवशी गाडी बिघाडामुळेच बंद पडली. त्यांच्या चालवण्याचा काही दोष नव्हता. मी न पाहताच तुमाले सांगितलं."

"पण तुम्ही तर म्हणालात..."

"खोटं म्हटलं. मले माहीत नव्हतं, अन् माहीत आहे असं सांगितलं."

"अहो, तुमच्या शब्दावर मी आईची..." अपूर्वचा आवाज चढला आणि मधेच थांबला. "आई आहे का तिथे?"

"आहे ना," सिस्टर म्हणाल्या. "ऐकून राहिली."

"आई, मला सांगायचं होतंस ना नीट."

"कितीदा सांगू गा?" एवढंच त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मोठा झाला नाही. मग अपूर्व हळूच म्हणाला, "डॉक्टरची वेळ मी रद्द करतो."

"नको करू. जाईन मी. मलेबी आता पाहायचं आहे, खरंच काही आहे का नाही. पण मी माही गाडी घेऊन जाईन."

अंकुशने किल्ली टेबलावर ठेवली. सिस्टरनी ती उचलली नाही. "आज गाडी बाहेर राहू दे," त्या म्हणाल्या. "सकाळी ये. थंडी असताना मीच सेल्फ मारते. तू बाजूले उभा राहून पाह."

दुसऱ्या दिवशी तो उजाडताच गेला. सिस्टर स्वेटर घालून, डोक्याला स्कार्फ बांधून बाहेर आल्या. बसल्या. सेल्फ मारला. गाडी पहिल्याच फेरीला उठली आणि एकसारखी चालू राहिली. धूर नाही, थरथर नाही. सिस्टर तरीही हात स्टिअरिंगवर ठेवून, जरा वाकून, ऐकत बसल्या, जणू अजून काहीतरी निघेल. मग दार उघडून उतरल्या आणि मायाबाईंच्या घराकडे चालत गेल्या. गाडी चालूच होती. अंकुशला त्यांनी थांब म्हटलं नाही की जा म्हटलं नाही. तो थोडा वेळ थांबून निघाला.

डॉक्टरकडे त्या स्वतः गाडी चालवत गेल्या. डॉक्टरने वयाप्रमाणे जेवढं असतं तेवढंच आहे म्हणून सांगितलं, असं अपूर्वने फोन करून कळवलं. त्याचा सूर कोरडा होता, आणि अंकुशला तो तसाच असावा असं वाटलं. त्याने विचारलं, "मायाबाईले इंजेक्शन पुन्हा सिस्टर देतात का?" अपूर्व म्हणाला, "अजून नाही. म्हणते, थोडे दिवस जाऊ देत." फोन ठेवल्यावर अंकुशला बराच वेळ हातात पाना घ्यावासा वाटला नाही.

सिस्टर त्याच्या गॅरेजला परत आल्या नाहीत. उन्हाळा लागला तेव्हा त्याला कळलं की गाडी आता गिट्टीखदानच्या गिरिधरकडे जाते. गिरिधर त्याच्या ओळखीचा होता, दोघांनी एकेकाळी एकाच गोदामात ट्रकांखाली काम केलं होतं. अंकुशने त्याला फोन केला.

"तुह्याकडे निळी गाडी येते ना, रामटेके सिस्टरची? तिचं हेड मी उतरवलं होतं या हिवाळ्यात. तिसरा सिलिंडर होता. गॅस्केट नवं आहे, बोल्ट नवे आहेत. पाण्याकडे जरा लक्ष ठेव."

"ठीक आहे ना. मंग तूच काहून करत नाहीस काम? भांडण झालं का?"

"नाही गा," अंकुश म्हणाला. "त्या सांगतीन तसं पाह फक्त. रातभर ठेवा म्हटलं तर ठेवून घे. जागा नसली तरी."

"बरं," गिरिधर म्हणाला, आणि लेथवाला सध्या काय भाव घेतो ते विचारू लागला.